जपानी तरवार : कापणें आणि लढणें

लांकडी बैठकीवर एक खुंटी उभी आहे, आणि तिच्यावर रात्रभर पाण्यांत भिजवून घट्ट गुंडाळलेली गवती चटई खोंचलेली आहे. घोळदार पोशाख केलेला एक मनुष्य तिच्यासमोर येतो, वांकून नमस्कार करतो, शांतपणें तरवार उपसून डोक्यावर नेतो आणि तिरप्या रेषेंत खालीं आणतो. आवाज होतो तो अगदीं थोडा. क्षणभर गुंडाळी होती तशीच उभी दिसते; मग तिचा वरचा तुकडा कापावरून हळूच घसरतो आणि जमिनीवर पडतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात.

जपानी भाषेंत ह्या प्रकाराला तामेशिगिरी म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ 'कापून पाहणें' एवढाच. वर सांगितलेल्या तिरप्या वाराला 'केसागिरी' असें नांव आहे. बौद्ध भिक्षु डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीखालीं जें वस्त्र घेतो तें केसा. त्या वस्त्राच्या कांठानें जाणारा वार तो केसागिरी. हा 'केसा' शब्द मूळचा आपल्याकडील 'काषाय' होय, आणि ज्या रेषेनें हा वार जातो ती जानव्याचीच रेषा, हें श्रोत्यांना नवल वाटण्यासारखें आहे. भारतांतून निघालेलें संन्याशाचें वस्त्र चीनमार्गें जपानांत गेलें आणि तेथें तरवारीच्या घावाला नांव देऊन बसलें!

प्रश्न असा कीं, इतकें स्वच्छ कापणारा हा मनुष्य, समोर चटईऐवजीं हातीं तरवार घेतलेला शत्रु असता, तर जिवंत राहिला असता काय? जपानांतील तरवारबहाद्दरांत हा वाद फार जुना आहे. त्याला निव्वळ तालमींतील कुरबुर समजणें योग्य होणार नाहीं, कारण एके काळीं त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून होते.

चटई कापणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. पात्याची धार ज्या दिशेला तोंड करून आहे, नेमक्या त्याच दिशेनें पातें गेलें पाहिजे. ह्याला 'हासुजी' म्हणतात. मनगट किंचित् वळलें, धार थोडीशी कलली, कीं पातें आंत शिरून अडकतें, गुंडाळी नुसती आडवी होते आणि कधीं कधीं पातेंहि वांकतें. दुसरी गोष्ट हाताच्या पकडीची. मूठ सारा वेळ आवळून धरणाऱ्याची तरवार ताठर होते. सैल धरणाऱ्याची फिरते. वार लागण्याच्या क्षणीं मूठ जशी आवळावी लागते, तिला 'तेनोउचि' म्हणजे तळहाताचें आंतलें काम असें म्हणतात. नवशिका बहुधा उजव्या हाताच्या जोरावर भिस्त ठेवतो, आणि मग त्याचा काप सरळ न उतरतां पळीनें खरवडल्यासारखा खोलगट होतो. चटई मुकी असली तरी ह्या बाबतींत ती खोटें बोलत नाहीं. शिष्याच्या हाताचा दोष ती गुरूच्या आधीं दाखविते.

परंतु मुळांत हा प्रकार हाताची परीक्षा घेण्यासाठीं निघालाच नव्हता. परीक्षा व्हावयाची ती तरवारीची. सतराव्या शतकाच्या आरंभीं तोकुगावा घराण्याची सत्ता स्थापन झाली आणि पुढें अडीचशें वर्षें जपानांत शांतता नांदली. लढाया थांबल्या, पण सामुराईच्या कमरेची तरवार कांहीं सुटली नाहीं. उलट तिचें मोल आणि तिची प्रौढी वाढली. लढाईच नाहीं, तर हातांतलें पातें खरेंच कापतें कीं नाहीं हें कळावें कसें? कांहीं नराधम रात्रीं वाटेवर दबा धरून जाणाऱ्या-येणाऱ्यावर नवी तरवार चालवून पाहत. त्याला 'त्सुजिगिरी' म्हणत, आणि सरकारला त्यावर कडक बंदी घालावी लागली. ह्याच कामाचा राजमान्य मार्ग म्हणजे देहान्त शासन झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तरवारीची परीक्षा.

एदो शहरांत, म्हणजे आजच्या तोकियोंत, हें काम यामादा आसाएमोन ह्या नांवानें पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्या एका घराण्याकडे आलें. मातीच्या ओट्यावर प्रेत ठेवावयाचें, तें हलूं नये म्हणून बांबूच्या खुंट्यांनीं जखडावयाचें, आणि दोन्हीं हातांनीं पूर्ण ताकदीनिशीं वार करावयाचा. त्या वेळीं तरवारीची नेहमींची मूठ काढून ठेवीत व परीक्षेसाठीं मुद्दाम केलेली लांब, जड, भक्कम मूठ बसवीत. ही बारीकशी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तिचें कारण पुढें येईल. परीक्षेचा निकाल पात्याच्या मुठींत बसणाऱ्या भागावर कोरून त्यांत सोनें भरीत. अमुक तरवारीनें एकावर एक ठेवलेले तीन देह एका घावांत तोडले, अशा मजकुराचीं पातीं आजहि संग्रहालयांतून आढळतात. असा सोनेरी लेख असलेल्या पात्याची किंमत अर्थातच चढत असे.

घराण्यांतील पांचव्या आसाएमोननें आपल्या अनुभवावरून लोहारांची प्रतवारी ठरविली आणि ती १७९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'काइहो केन्जाकु' ह्या पुस्तकांत आली. सर्वांत वरच्या वर्गांत त्यानें मोजक्याच लोहारांना स्थान दिलें. जपानी तरवारींचे शोकी आजहि ह्या प्रतवारीचा आधार घेतात. प्रेतें तोडून तयार केलेली ती यादी आहे ही गोष्ट मात्र सगळ्यांच्याच लक्षांत असते असें नाहीं.

ह्या घराण्याची स्थिति मोठी चमत्कारिक होती. शोगुनच्या तरवारींची परीक्षा त्यांनीं करावी, पण शोगुनच्या चाकरांत त्यांची गणना नसावी. ते शेवटपर्यंत 'रोनिन' म्हणजे धनी नसलेले सामुराईच राहिले. पैसा त्यांना उदंड मिळाला. उमराव परीक्षेचें मोल देत, आणि शिवाय प्रेतांच्या पित्ताशयापासून व यकृतापासून केलेलीं औषधें हें घराणें विकत असे. आणि सांगतात कीं, मरणाच्या दारीं उभा असलेला कैदी जी अखेरची कविता म्हणतो तिचा अर्थ कळावा म्हणून ह्या घराण्यांतील पुरुष काव्याचा अभ्यास करीत.

कापण्याच्या विद्येंत ह्या घराण्याची बरोबरी करणारे जपानांत कोणी नव्हते. तरीहि १८७९ सालीं एक प्रसंग घडला. ताकाहाशी ओदेन नांवाच्या एका स्त्रीला खुनाबद्दल शिरच्छेदाची शिक्षा झाली होती. वार करणारा यामादा घराण्यांतीलच होता; लहानपणापासून तो हेंच काम करीत आला होता. परंतु ती स्त्री शेवटच्या क्षणीं आपल्या प्रियकराच्या नांवानें आक्रोश करूं लागली आणि धडपडूं लागली. पहिला घाव चुकला. पुढें तें काम कसेंबसें, फार वाईट रीतीनें पुरें झालें. हातांत शस्त्र नसलेली, धरून ठेवलेली एक बाई. ती फक्त हलली, आणि पिढ्यान् पिढ्यांचें कौशल्य जागच्या जागीं फसलें. तिच्या हातीं तरवार असती तर काय झालें असतें, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

ह्या विषयावर जपानांतील सर्वांत प्रसिद्ध तरवारबहाद्दर मियामोतो मुसाशी ह्याचें मत नोंदलेलें आहे. तेराव्या वर्षापासून एकोणतीस वर्षांचा होईपर्यंत आपण साठांहून अधिक सामने लढलों आणि एकदांहि हरलों नाहीं असें तो लिहितो. १६४५ मध्यें, मरणापूर्वी थोडे दिवस, त्यानें पुरा केलेला 'गोरिन् नो शो' हा ग्रंथ उपलब्ध आहे. त्यांत त्यानें प्रेतावर परीक्षा करतांनाची पकड आणि लढतांनाची पकड ह्यांत भेद करूं नये असें म्हटलें आहे. दोन्हीं वेळां हात माणूस तोडण्यासाठींच धरलेला असावा. म्हणजे कापण्याची विद्या त्यानें मुळींच तुच्छ लेखिली नाहीं. परंतु दुसऱ्या पंथांचे दोष सांगतांना तो बजावतो कीं, जोरानें कापण्याच्या नादीं लागूं नये. तशा हव्यासानें परीक्षेचा वारसुद्धां नीट उतरत नाहीं. प्रत्यक्ष शत्रूसमोर 'जोरानें मारूं कीं हळू मारूं' असा विचार कोणी करीत नसतो. तेथें शत्रूचा मृत्यु हेंच एक ध्येय असतें. आणखी एक गोष्ट अशी कीं, १६१२ सालीं एका बेटावर सासाकी कोजिरो ह्याच्याशीं झालेला त्याचा सर्वांत गाजलेला सामना त्यानें लांकडी तरवारीनें जिंकला. त्या दिवशीं मुसाशीनें कांहींच कापलें नाहीं.

मग लढाईंत काय लागतें? प्रथम अंतर. शत्रूपासून किती हातांवर उभें राहिलें असतां त्याची तरवार आपल्यापर्यंत येत नाहीं आणि एक पाऊल टाकलें कीं आपली त्याच्यापर्यंत जाते, हें प्रत्येक क्षणीं बदलणारें माप डोळ्यांत आणि पायांत असावें लागतें. जपानी लोक त्याला 'माआई' म्हणतात. चटईपुढें हें माप पावलांनीं मोजून निश्चित करितां येतें. त्यानंतर वेळ : शत्रूचा निश्चय झाला आहे पण हात अजून उठलेला नाहीं, तो निमिष पकडणें. चटईचा निश्चय कधींच होत नाहीं. शिवाय तरवार डोक्यामागें नेऊन भरपूर हात उगारणें गुंडाळीसमोर शोभून दिसतें; शत्रूसमोर तेंच केल्यास मनगटें उघडीं पडतात. पुरातन पंथांच्या शिक्षणांत मनगटाची आंतली बाजू, मानेची कड, काखेंतील चिलखताची फट अशाच जागा वारासाठीं निवडलेल्या आढळतात. तेथें टोकाकडचीं दोन-तीन बोटें पातें पुरें होतें. देहाचे दोन तुकडे करण्याची गरज नसते.

येथवर सर्व दोष कापणाऱ्यांच्या पदरीं पडला, परंतु दुसरी बाजूहि तितकीच कच्ची आहे. अठराव्या शतकांत नागानुमा आणि नाकानिशी ह्या गुरुघराण्यांनीं अंगावर चिलखती साज आणि हातीं 'शिनाई' नांवाची बांबूची तरवार घेऊन मनसोक्त झुंजण्याची पद्धत रूढ केली. आजचा केन्दो तिच्यांतूनच आला. अंतर आणि वेळ ह्यांचें शिक्षण ह्या पद्धतीनें उत्तम मिळतें, कारण समोरचा मनुष्य खरोखरच हरवावयास आलेला असतो. पण शिनाईला धार नाहीं, ती कोणत्याहि बाजूनें लागली तरी लागतेच; म्हणून खेळणारा हळूहळू कापणें विसरतो आणि थापट्या मारूं लागतो. अशा कसलेल्या खेळाडूच्या हातीं खरें पातें देऊन त्याला गुंडाळीसमोर उभें केलें असतां पातें अर्ध्यावर अडकल्याचीं उदाहरणें वारंवार घडलीं आहेत. एकाला मारतां येतें पण कापतां येत नाहीं. दुसऱ्याला कापतां येतें पण गांठतां येत नाहीं.

खरी लढाई ह्या दोघांचीहि कशी फजिती करते हें १८६० सालच्या मार्च महिन्याच्या २४ तारखेला एदोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर दिसलें. राज्याचा मुख्य कारभारी ई नाओसुके पालखींतून किल्ल्याकडे चालला होता. अवेळीं बर्फ पडत होतें. बर्फानें तरवारी खराब होऊं नयेत म्हणून बरोबरच्या रक्षकांनीं मुठींवर पिशव्या बांधल्या होत्या आणि अंगावर पावसाळी झगे घेतले होते. अठरा मारेकरी दबा धरून बसले होते. पिस्तुलाचा एक बार झाला आणि गोळी पालखींतील ई नाओसुकेला लागली. हा पुरुष स्वतः झटकन् तरवार उपसण्याच्या विद्येंत इतका निष्णात होता कीं त्यानें आपला निराळा पंथ काढला होता. पण त्या गोळीनंतर त्याला पालखींतून उठतांहि आलें नाहीं. रक्षकांपैकीं कित्येकांना पिशव्या सोडण्यास अवसरच मिळाला नाहीं. म्यानासकट तरवारीनें वार अडवितां अडवितां ते पडले. कावानिशी नांवाचा एक रक्षक मात्र वेगळा निघाला. त्यानें झगा काढला, पिशवी सोडली, बाह्या आवरून बांधल्या आणि दोन हातांत दोन तरवारी घेऊन तो मरेपर्यंत लढला. झुंज आटोपल्यावर लाल झालेल्या बर्फांत तुटलेलीं बोटें आणि कान विखुरलेले होते. भीतीनें आणि आवेशानें माणसें इतकीं जवळ भिडलीं होतीं कीं पात्याऐवजीं मुठीच एकमेकींवर घासत होत्या. वार उतरत होते ते हातांवर आणि चेहऱ्यांवर. जानव्याच्या रेषेंतला तो स्वच्छ वार कोणाला साधावयाचा!

जे रक्षक जगले त्यांची कथा आणखी विदारक आहे. दोन वर्षांनीं त्यांच्या मालकाच्या घराण्यानें त्यांचा न्याय केला : जबर जखमी झालेल्यांना हद्दपारी, किरकोळ जखमा असलेल्यांना पोट फाडून घेण्याची आज्ञा, आणि ज्यांना जखमच नव्हती त्यांचा शिरच्छेद.

ह्यानंतर चार वर्षांनीं, १८६४ च्या उन्हाळ्यांत, क्योतो येथें इकेदाया नांवाच्या खाणावळीवर शिनसेनगुमी ह्या सरकारपक्षीय टोळीनें रात्रीं छापा घातला. टोळीचा नायक कोंदो इसामी ह्यानें घरीं लिहिलेल्या पत्रांत आपल्या सोबत्यांच्या तरवारींची दशा वर्णिली आहे : एकाची तुटली, दुसऱ्याच्या पात्याचें टोंक मोडलें, तिसऱ्याची धार भांडीं घासावयाच्या बांबूच्या कुंचल्यासारखी फुटली, आपली मात्र कोतेत्सु असल्यामुळें शाबूत राहिली. कोतेत्सु हा यामादांच्या यादींत पहिल्या वर्गांतला लोहार. तेव्हां परीक्षेची प्रतवारी येथें खरी ठरली असें म्हणतां आलें असतें. पण कोंदोची ती तरवार अस्सल कोतेत्सु होती ह्याबद्दलच जाणत्यांना शंका आहे. कोंदोचा पंथ खेडवळ म्हणून हिणविला जात असे. त्याच्या तालमींत मुसळासारख्या जाड लांकडी तरवारी वापरीत. अंधाऱ्या, बुटक्या छताच्या खोल्यांत त्या मनगटांनीं काम केलें, कीं पात्यानें, हें आतां ठरविणें कठीण आहे.

पुढें १८७६ मध्यें मेइजी सरकारनें कमरेला तरवार लावण्यास मनाई केली आणि हजारों तरवारबहाद्दर रस्त्यावर आले. साकाकिबारा केन्किचि ह्यानें त्यांच्या पोटासाठीं १८७३ पासूनच तिकीट लावून तरवारीच्या झुंजींचे खेळ सुरू केले होते. हा मनुष्य शोगुनच्या दरबारीं गुरु होता. काळ बदलला तरी त्यानें मरेपर्यंत आपली शेंडी कापली नाहीं. १८८६-८७ च्या सुमारास बादशहासमोर पोलादी शिरस्त्राण तोडण्याची परीक्षा झाली. पोलीस खात्याचे दोन नामांकित गुरु अपयशी ठरले. साकाकिबाराचें पातें मात्र आंत शिरलें. जपानी तालमींतून ही गोष्ट आजवर अभिमानानें सांगतात. परंतु तें शिरस्त्राण एका जागीं स्थिर ठेवलेलें होतें, आणि साकाकिबाराची खरी योग्यता त्याच्या जन्मभर चाललेल्या झुंजींवरून ठरली होती, हेंहि तेथेंच सांगितलें जावें.

विसाव्या शतकांत ह्या वादाला काळीकुट्ट छटा आली. सैन्याच्या तोयामा शाळेंत १९२५ सालीं अधिकाऱ्यांसाठीं तरवारीचा सुटसुटीत अभ्यासक्रम तयार झाला आणि पुढें गुंडाळ्या कापण्याला त्यांत महत्त्व आलें. नारुसे कान्जी नांवाचा एक जाणता १९३८ मध्यें चीनच्या आघाडीवर जाऊन सैनिकांच्या मोडक्या तरवारी दुरुस्त करीत हिंडला व १९४० मध्यें त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. त्याच्यापुढें आलेल्या तरवारींत वांकलेलीं पातीं होतींच, पण खिळखिळ्या झालेल्या आणि फुटलेल्या मुठीहि पुष्कळ होत्या. यामादांच्या परीक्षेंत जी जड मूठ मुद्दाम बसवीत, ती रणांगणावर कोणाजवळहि नव्हती.

त्याच युद्धांत, १९३७ च्या अखेरीस, नानकिंगकडे कूच करणाऱ्या सैन्यांतील दोन तरुण अधिकाऱ्यांत तरवारीनें शंभर माणसें आधीं कोण मारतो अशी शर्यत लागल्याची बातमी तोकियोच्या एका वर्तमानपत्रानें क्रीडावृत्तासारखी छापली. १९४८ च्या जानेवारींत त्या दोघांना नानकिंग येथें देहान्त शासन झालें. ह्या बातमीच्या तपशिलावर जपानांत अद्याप वाद चालतो. पण १९७१ सालीं एका गृहस्थानें लिहून ठेवलें कीं, ह्या दोघांपैकीं एक जण आपल्या जुन्या शाळेंत बोलावयास आला असतां त्यानें मुलांना सांगितलें : प्रत्यक्ष झुंजींत मारले ते चार-पांचच, बाकीचे शरण आलेले, रांगेनें उभे केलेले होते. मुलांच्या त्या सभेंत ऐकणाऱ्यांपैकींच तो एक होता.

१९४५ नंतर दोस्त राष्ट्रांच्या अंमलाखालीं ह्या सर्व विद्या बंद झाल्या. १९५२ मध्यें केन्दोची राष्ट्रीय संस्था निघाली. तामेशिगिरीला पुन्हां चांगले दिवस येण्यास आणखी वेळ लागला. तोयामा शाळेच्या परंपरेंतील नाकामुरा ताइसाबुरो ह्यानें ह्या कामीं पुष्कळ खटपट केली. आतां तिचे सामने भरतात, परदेशांतहि मंडळें आहेत, आणि सामन्यांसाठीं रुंद व पातळ पातीं मुद्दाम घडविलीं जातात. तीं चटई सुरेख कापतात, दुसऱ्या तरवारीवर आपटलीं तर काय होईल हें त्यांच्या धन्यांनीं न पाहिलेलेंच बरें.

जुन्या पंथांच्या कांहीं तालमींत मात्र गुंडाळी वर्षांतून थोड्याच वेळां निघते. शिष्य चार-सहा वार करतो, कापाचा पृष्ठभाग सपाट आला कीं खोलगट हें गुरु बोट फिरवून पाहतो, आणि गुंडाळ्या बाजूला सारल्या जातात. मग लांकडी तरवारी घेऊन दोघांचा अभ्यास सुरू होतो. त्यांत चाल करून येणारा आणि शेवटीं मार खाणारा जो पक्ष, त्याची भूमिका नेहमीं वडीलधाऱ्यानें घ्यावयाची असा नियम आहे. सत्तर वर्षांचा गुरु विशीच्या पोरावर पुढें पुढें येतो, अंतर बोटभर वाढवितो, बोटभर कमी करितो, नेमक्या निमिषाला आपलें मनगट उघडें टाकतो, आणि पोराला तें दिसलें नाहीं तर, कांहीं न बोलतां, पुन्हां पहिल्या जागीं जाऊन उभा राहतो.